बोट दाखव, सरदारा

संपादक मॅडम म्हणाल्या, आजोबा, सिनेमाच्या मशीनवर तुमची तीसेक वर्षं गेली, आमच्या दिवाळी अंकासाठी काही लिहा. मी म्हटलं, चौथी पास माणूस आहे, लिहीन तसं छापावं लागेल. त्या म्हणाल्या, जमेल तेवढं शुद्ध लिहा. तर जमेल तेवढं शुद्ध लिहितो. पण माणसं जशी बोलली तशीच इथं बोलतील. त्यांना आता शुद्ध करता येत नाही, त्यातली बरीचशी वर गेली.

माझी बायको वच्छलाही गेली. पोळा झाला आणि आठव्या दिवशी गेली, त्याला वर्ष होऊन गेलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसता हसता कोणाला मध्येच थांबावं लागू नये. तिच्या मागं घर चालू आहे. नळ येतो, दूध येतं, सून चहा ठेवून जाते. चित्र सगळं हलतं, फक्त आवाज नाही. आमच्या धंद्यात असं होतं कधी कधी. त्याचीच ही गोष्ट आहे.

अकोल्याला कापूस बाजाराच्या मागं टिनाचं थेटर होतं. मालक हरकिसन शेठ. मी तिथं ऑपरेटर, म्हणजे सिनेमा दाखवणारा. लोकांना वाटतं बटन दाबलं की सिनेमा सुरू. बटन दाबून पंखासुद्धा सुरू होत नव्हता तेव्हा. केबिनमध्ये दोन मशीन. एका रिळात नऊ-दहा मिनिटांचा सिनेमा. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका येतो. तुम्ही हजार सिनेमे पाहिले असतील, तुम्हाला तो दिसला नसेल, कारण तो तुमच्यासाठी नसतो, माझ्यासाठी असतो. ठिपका आला की दुसरं मशीन सुरू करायचं. उजेड पाडायला कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक आणून ठेवायच्या. वेल्डिंगसारखा लखलखाट होतो. कांडी जळत जाते, ती पुढं सरकवत राहायची, म्हणून मशीन सोडून हलता येत नाही. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं अजून त्या कार्बननं काळी आहेत.

आता आवाज. फिल्मच्या कडेला एक बारीक पट्टी असते. एक लहानसा दिवा तिच्यावर उजेड टाकतो आणि त्या उजेडाचा पलीकडं आवाज होतो. कसा होतो ते मला विचारू नका, मी फक्त दिवा बदलत होतो. हा दिवा गेला की माणसं पडद्यावर तोंड हलवतात, ऐकू काही येत नाही. या दिव्याकडं लक्ष ठेवा.

गिऱ्हाइकं एकेक होती. परतवाड्याला एक हंगाम काढला, तिथं एक सागवानाचे ठेकेदार येत. पुढच्या रांगेत खुर्ची उलटी करून, पडद्याकडं पाठ करून बसत. शेवटी मी विचारलं, तिकीट काढून पाठ का करता? म्हणाले, "मले लोकायचे तोंडं पाहाची हायेत. सिनेमा तं रोज सारखाच राह्यते." सिनेमा उदास असला की ते खूश होऊन घरी जात.

अकोल्यात एकदा एकाच सिनेमाची एक प्रत दोन थेटरांत चालली होती. त्या थेटरात रीळ संपलं की माझे मदतनीस रहीमभाई ते सायकलवर टाकून आमच्याकडं आणत. रहीमभाई चहाला थांबले आणि सहावं रीळ चहाला थांबलं. माझ्याकडं सातवं होतं, मी सातवं लावलं. सहाव्यात लग्न होतं, सातव्यात एकदम पाळणा. खाली बायकांत गलका. "लगन कवा झालं वो?" वच्छलेचा आवाज आला, "झालं असंन घाईत. आपल्याले आवतन नव्हतं." मग सहावं आलं, तेही दाखवणं भाग होतं. पुन्हा तीच, "आता लावून रायले वो लगन. पोट्ट्याले विचारून लावलं." माझ्या चुकीवर शिव्या पडायच्या त्या हसण्यात बुडून गेल्या.

हा बायकांचा खेळ होता. दर मंगळवारी दुपारी फक्त बायका आणि त्यांची कडेवरची पोरं. पुरुष आत नको म्हणून दारावर गंगूबाई काठी घेऊन बसे. आत पुरुष मी एकटा, तोही केबिनमध्ये बंद. वच्छला माझी भाकर घेऊन यायची आणि बाकावर जाऊन बसायची.

वच्छला दर्यापूरकडची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लहानपणी ज्वारी कापताना विळा लागून डाव्या हाताचं पहिलं बोट चिरलं होतं, ते वाकडंच जुळलं. काळा जाड वण. पण तोंड असं होतं की आमच्या गल्लीतल्या लग्नात तिला आवतन आधी जायचं आणि मग भटजीला. आमच्याकडं व्याह्यांची पंगत बसली की मुलीकडच्या बायका त्यांच्यावर गाणी म्हणतात. नाव घेऊन, ढेरी-मिशा पाहून, तिथल्या तिथं जोडून. चिडला तो व्याही हरला. वच्छलेचं एक अजून लोकांच्या तोंडी आहे:

व्याही बसले पाटावर, मिशीले लावलं तूप,
मांजर आलं चाटाले, व्याही बसले चूप.

बोरगावचे एक व्याही हे ऐकून ताटावरून उठले आणि मिशी काढून परत येऊन बसले.

आता सिनेमा. महाराष्ट्र नुकताच झाला होता. शेठ अमरावतीला वितरकाकडं गेले होते, चांगला सिनेमा दुसऱ्यानं उचलला, उरलेला यांच्या गळ्यात पडला. मूर्तिजापूरच्या बसच्या टपावरून पेट्या आल्या. नाव 'सरदाराची लेखणी'. सुरुवातीलाच पाटी, की हा चित्रपट थोर संशोधनावर आधारलेला आहे. मी मनात म्हटलं, मेलो.

गोष्ट अशी. पेशवाईतला एक नथा बुरूड. टोपल्या विणतो आणि अभंग म्हणतो. सारा मुलूख ते अभंग गातो. तर सिनेमावाल्यांचं म्हणणं, हे अभंग नथाचे नाहीतच. टोपल्या विणणाऱ्याला एवढं कुठून सुचणार? ते सगळे लिहिले एका सरदारानं, महालात बसून. राजकारणामुळं त्याला नाव लावता येत नाही, म्हणून तो चोरून नथाला कागद देतो आणि नथा बाजारात जाऊन म्हणतो. साडेतीन तास हेच. सरदार घोड्यावर लिहितो, सरदार तलवार खेळता खेळता लिहितो, सरदार विष पिऊन लिहितो आणि लिहिता लिहिता बरा होतो. अभंग पुरा झाला की दर वेळी वीज कडाडते. पडद्यामागं एक हेर उभा, त्याचे पाय बाहेर दिसतात, ते साडेतीन तासांत कोणाला दिसत नाहीत. नथा बिचारा एका गालाला माती लावून हात जोडून उभा.

पहिल्या दिवशी अकरा माणसं आली. त्यातली दोन झोपायला.

मंगळवारी बायका मात्र भरपूर आल्या. मंगळवार तो मंगळवार, सिनेमा कोणताही असो. दुसरं मशीन बिघडलेलं, एकावरच खेळ चालला होता, आणि चौथ्या रिळात त्याचा आवाजाचा दिवा गेला.

दुसरा दिवा केबिनमध्ये असायला पाहिजे. पण आधीचे दोन दिवे केबिनमधून गायब झाले होते, म्हणून मी शहाणपणा करून तो घरी नेऊन ठेवला होता. गव्हाच्या डब्यात. आणि घराची चावी वच्छलेच्या पदराला. मशीन सोडून मला हलता येईना. मी केबिनच्या खिडकीतून तोंड काढलं.

"वच्छे, चावी दे."

"कायची?"

"घराची. गव्हाच्या डब्यात दिवा हाये."

"गव्हाच्या डब्यात दिवा कायले ठेवला?"

"चोरी होते म्हून."

"अन् मी परवा दळन टाकलं तवा?"

तीनशे बायका हे ऐकत होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, आता मशीनीत पोळी टाका, थेच आवाज करीन." शेवटी चावी गंगूबाईच्या हातून बाहेर रहीमभाईंकडं गेली आणि ते सायकलवर निघाले. शेठ जिन्याखालून ओरडले, "बंद मत करो, पब्लिक तोड-फोड करेगी." म्हणून मी चित्र चालू ठेवलं. आवाज नाही. बायका बाकडी बडवू लागल्या.

पडद्यावर सरदार गादीवर मांडी घालून बसलेला, पुढं चांदीचं ताट. वच्छला बाकावर चढून उभी राहिली.

"बाया हो, आवाज गेला तं जाऊ द्या. व्याही पंगतीले बसला हाये. दिसत नाई काय तुमाले?"

एका क्षणात सगळं थेटर लग्नाचा मांडव झालं. पडद्यावर नथा आत आला, हात जोडले. सरदारानं तोंड हलवलं. वच्छलेनं जाडा आवाज काढला.

"काहो नथाभाऊ, टोपली कशी इनतेत ते जरा सांगजा. मले कविता कराची हाये."

नथानं तोंड हलवलं. बारीक आवाज. "सरकार, तुमी कधी बांबू पाह्यला काय?"

"पाह्यला नं. माह्या पालखीले हाये."

"मंग पालखीवरच लिवा, सरकार. मले घरी जाऊ द्या, बायको वाट पाहून रायली."

सरदारानं दौतीत लेखणी बुडवली. आमच्या गल्लीतली शेवंताबाई पुढच्या रांगेत होती. तिच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतलेली, नवरा रेल्वेत. तिची नजर घारीची. "वच्छे, त्याच्या मनगटाले पाह्य. घड्याळाचा पांढरा डाग हाये."

"असनारच. कविता टाइमावर पोचवा लागते त्याले."

वीज चमकली. आता मुकी वीज, नुसता लखलखाट. वच्छला म्हणाली, "झाली वो कविता. आमच्या वावरात वीज पडली तं बैल मेला होता. कविता काई झाली नाई."

मग सिनेमातला तो मोठा क्षण आला. सरदाराचा हात पडदाभर, कागदावर अक्षरं उमटतात. नथाचा सगळ्यात गाजलेला अभंग:

हिरवी ही कांब, चिरी माझे बोट,
रंगलेला काठ, टोपलीचा.

पहिली दोन रिळं हाच वाजत होता, म्हणून सगळ्यांना पाठ. अक्षरं लिहिणारा हात गोरा, गुबगुबीत, चार अंगठ्या घातलेला. एक ओरखडा नाही. वच्छलेनं चाल धरली.

सरदार बसले गादीवर, आंगठ्या घातल्या चार,
बांबू काई चिरला नाई, बोटाले कुठं लागली धार?
बोट दाखव, सरदारा, बोट दाखव.

तीनशे बायकांनी ते उचललं. बोट दाखव, सरदारा, बोट दाखव. टिन थरथरलं. आणि वच्छलेनं स्वतःचा डावा हात वर केला. बाकावर उभी असल्यामुळं तो माझ्या मशीनच्या उजेडात आला. पडद्यावर सरदाराच्या सगळ्या तोंडावर त्या बोटाची सावली पडली, वाकडी, मोठी, खांबाएवढी. मी केबिनमध्ये इतका हसलो की कांडी सरकवायची राहिली आणि चित्र पिवळं पडलं.

शेवंताबाई हसत नव्हती. ती म्हणाली, "आमच्यातल्या मानसानं काई चांगलं केलं की ह्याईचा कोनी ना कोनी सरदार निघतेच मांगून." मग तीही हसायला लागली.

रहीमभाई दिवा घेऊन आले, त्याला गव्हाचं पीठ लागलेलं. मी लावला. भोंग्यातून सरदार गरजला, "नथा, तू केवळ निमित्त आहेस." थेटर ओरडलं, "आवाज बंद कर." मी बंद केला. शेठ वर धावत आले. त्यांना वाटलं दंगल झाली.

"क्या हुआ?"

"काई नाई शेठ. सिनेमा चालून रायला."

दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या खेळालाही रांग लागली. सगळ्यांना मुका सिनेमा पाहिजे. शेठनं वच्छलेला घरी येऊन हात जोडले. ती म्हणाली, पुरुषांपुढं बाकावर उभी राहणार नाही, पडद्यामागं बसून बोलेन. मग पडद्यामागं भोंग्याशेजारी सरकीचं पोतं टाकलं, घोषणा करायचा माईक दिला. पडद्याला बारीक भोकं असतात, आवाज बाहेर यावा म्हणून. त्यातून तिला चित्र दिसायचं, पण उलटं. पहिल्याच दिवशी माईकवर म्हणाली, "अवो, हा सरदार तं डावखुरा हाये," आणि बाहेर लोकांना कळेना, पण हसले. त्यांना आता ती काहीही बोलली तरी हसायचंच होतं.

दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, कुठून कुठून दमण्या जुंपून लोक आले. हेराचे पाय पडद्याखाली दिसले की सगळं थेटर, "पाय झाक रे, सर्दी होईन." हे तिनं शिकवलेलं. आणि एक सांगतो, कारण पुढं लागणार आहे. तिनं एकही खेळ दुसऱ्यासारखा केला नाही. काल नथा सरदाराला टोपली विकत होता, आज सरदार नथाकडं शिकवणी लावत होता. कागद नव्हताच. असता तरी तिला वाचता आला नसता.

तिसऱ्या आठवड्यात अमरावतीचे एक प्राध्यापक आले. कोट, टोपी, सोबत दोघं. सिनेमा पाहून, हसून हसून आलेलं पाणी पुसत शेठच्या खोलीत आले. मला खाली बोलावलं. वच्छला तिथंच, मोकळा डबा घेऊन.

"अहो, काय हा मूर्ख चित्रपट," प्राध्यापक म्हणाले. "अशिक्षिताला काव्य सुचत नाही म्हणे. आणि काय सुंदर झोडपलंय तुम्ही त्याला. कोणी लिहिलं हे?"

"म्या केलं," वच्छला म्हणाली.

ते प्रेमानं हसले. "बाई, तुम्ही म्हणता फार छान. पण लिहून कोण देतं?"

"लिवून कायले देते कोनी? मले वाचता कुठी येते."

"तेच तर म्हणतो मी," प्राध्यापक म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "तुम्हीच ना?"

शेठ माझ्याकडं पाहत होते. वच्छला पाहत होती. प्राध्यापकांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली होती. माझ्या जन्मात पहिल्यांदा कोट घातलेल्या माणसानं मला खुर्ची दिली होती.

मी म्हणालो, "हो. थोडंफार."

बस, एवढेच शब्द. तीस वर्षांत मी रिळं उलटी लावली, दिवा गव्हात ठेवला, एकदा शेवटचं रीळ पहिलं दाखवून गावभर खुनी कोण ते आधीच सांगितलं. त्या सगळ्याची मला लाज नाही. या दोन शब्दांची आहे.

पुढच्या रविवारी अमरावतीला एका मंडळाच्या हॉलमध्ये माझा सत्कार. शाल, नारळ. अध्यक्ष म्हणाले, एका साध्या यंत्रचालकाच्या अंगी ही प्रतिभा, बहुजनांच्या वाणीचं तेज, आणि असंच पुष्कळ. खरं सांगतो, दहा मिनिटांत मला पटलं होतं. मी मान हलवून दाद देत होतो. मग अध्यक्ष म्हणाले, "आता आमच्यावरच दोन ओळी करा. तिथल्या तिथं."

मी माईकपुढं उभा. अध्यक्षांना ढेरी होती, टक्कल होतं, उपरणं होतं, सगळा माल समोर होता. माझ्या डोक्यात फक्त ठिपका. रीळ संपलं आणि दुसरं लावलेलंच नाही. बायकांच्या बाजूनं आवाज आला, ओळखीची चाल:

शाल घेतली खांद्यावर, नारळ घेतला हाती,
शब्द काई निघत नाई, पाहून रायले माती.
बोट दाखवा, ऑपरेटर, बोट दाखवा.

सगळा हॉल हसून कोसळला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मला वाटलं, आता सुटलो, आता कळलं सगळ्यांना. अध्यक्ष डोळे पुसत माईकवर आले आणि म्हणाले, "पाहा, पत्नीलाही कसं तयार केलंय यांनी."

तेव्हा माईक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. सांगता आलं असतं. मी नमस्कार केला आणि खाली बसलो.

परतीच्या बसमध्ये ती बडनेऱ्यापर्यंत हसत होती. "माती पाहून रायले," म्हणायची आणि पुन्हा हसायची. मीही हसलो. मूर्तिजापूर गेलं. मग म्हणाली, "एकदा तरी म्हनाचं होतं तुमी, हिचं हाये म्हून."

"त्यानं इस्वास ठेवला नसता."

"त्यानं नसता ठेवला. तुमाले तं मालूम होतं नं."

मी खिडकीबाहेर पाहिलं. कपाशी होती, दुसरं काय असणार. ती म्हणाली, "शाल द्या इकडं. थंडी वाजून रायली." आणि शाल घेऊन पांघरली, ती कायमची.

दुसऱ्या दिवशी ती पडद्यामागं बसली नाही. शेठ घरी आले. तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, "ज्यानं केलं त्याले बसवा." मग मला बसवलं. मशीनवर रहीमभाईंना उभं करून मी सरकीच्या पोत्यावर. सरदारानं तोंड हलवलं. मी म्हणालो, "मी सरदार आहे." नथानं तोंड हलवलं. मी म्हणालो, "बरं." पुढचं मला आठवत नाही. पडद्याला बाहेरून काहीतरी मऊ येऊन लागलं, ते टमाटर होतं हे नंतर कळलं. दोन दिवसांनी 'सरदाराची लेखणी' पेट्यांत बसून अमरावतीला परत गेली.

ती माझ्यावर रुसली असं कोणी समजू नये. रुसणं तिच्यात नव्हतं. पण त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं, मी कशाचीही फुशारकी मारली की तिचं ठरलेलं. अंगणातली वांगी चांगली आली म्हटलं, की "बोट दाखवा." पोरगा मॅट्रिक झाला म्हटलं, "बोट दाखवा." जावयापुढंसुद्धा. नातवंडांना वाटायचं हा आजी-आजोबांचा खेळ आहे. मग नातवंडंही बोटं दाखवायची. आणि मी लग्नात, पानठेल्यावर, कोणी जुन्या माणसानं विषय काढला, की "ते तुमचंच होतं ना हो?" तर हसून सोडून द्यायचो. हो म्हणत नव्हतो. नाही तर म्हणतच नव्हतो. ती दोन घरं पलीकडं बायकांना सांगायची, "म्या केलं होतं ते सारं," आणि बायका म्हणायच्या, वच्छलाबाई भल्ली गमती हाये.

शेवटी अमरावतीच्या दवाखान्यात पाच दिवस होती. बोलणं जवळजवळ बंद. बोटाला तो चिमटा लावलेला, आत लाल दिवा असतो तो. नर्सनं नेमका त्याच बोटाला लावला होता, वाकड्या. मी खाटेशेजारी बसून म्हणालो, "वच्छे, मी तवा सांगाले पाह्यजे होतं." हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होतो आणि जरा रडतही होतो, मला वाटलं आता ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. तिनं डोळे उघडले. मला पाहिलं. आणि हळूहळू ते बोट वर केलं, चिमट्यासकट, वायरसकट, लाल दिवा लावलेलं. ओठाच्या एका कोपऱ्यात हसू. नर्स धावत आली, बाई हात हलवू नका म्हणाली. मी खाटेच्या दांडीवर डोकं टेकवून हसत होतो. नर्सला वाटलं मला धक्का बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छला गेली.

मागच्या आठवड्यात या लेखाची पहिली पानं मी मॅडमना पाठवली. त्यांचा फोन आला. "आजोबा, फार छान. पण खरं सांगा, लिहून कोणी दिलं?" मी रागावलो. पाच मिनिटं चांगलाच रागावलो होतो, फोन ठेवून दिला. अंगणात आलो, वांग्यांजवळ उभा राहिलो. पाच मिनिटं झाली फक्त. तिनं जवळजवळ पन्नास वर्षं काढली.

मॅडम, आता मी रागावलेलो नाही. लेख मी लिहिला आहे, त्याखाली माझं नाव छापा, माझ्या बोटाला बॉलपेनचा घट्टा पडला आहे. पण यातली गाणी वेगळ्या चौकटीत छापा आणि त्याखाली नाव टाका, वच्छला. पुढं माझं नाव आणि आडनाव लावू नका, तेवढी जागा मी फार दिवस वापरली. कोणी विचारलं, या बाईला लिहिता तरी येत होतं का, तर सांगा, नव्हतं येत. बोट मात्र तिचंच चिरलेलं होतं.